प्लेनर हेडफोन: आवाज आवडला, पण तासाभरानंतर डोक्यावर कोणता टिकतो? (नेरुळच्या बैठकीचा वृत्तांत)

शुद्धकल्याण (कोलशेत, ठाणे)

नमस्कार मंडळी. ख्याल आणि तबला ऐकण्यासाठी दीड लाखाच्या आत कोणता प्लेनर (पातळ, सपाट पडद्याचा हेडफोन) घ्यावा, असं मी गेल्या महिन्यात या मंचावर विचारलं होतं. उत्तरं भरपूर आली, पण दोघांचं उत्तर काही एक आलं नाही. शेवटी आपले सभासद नेरुळकर यांनीच मार्ग काढला. "सगळे आपापले हेडफोन घेऊन माझ्याकडे या," म्हणाले. गेल्या रविवारी आम्ही सहा जण त्यांच्याकडे जमलो. सकाळी दहाला बसलो आणि संध्याकाळी सातला उठलो. मध्ये वहिनींच्या हातची वालाची उसळ आणि भात झाला. त्यांचे खास आभार.

तिथे हेडफोन होते ते असे: हायफायमॅनचे सुंदरा (माझा स्वतःचा), एडिशन एक्सएस आणि आर्या स्टेल्थ, ऑडिझीचा एलसीडी-एक्स, मेझेचा एम्पिरियन आणि डॅन क्लार्क ऑडिओचा ई३. शेवटचा सोडला तर सगळे ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या कपांचे.

नियम एकच ठरवला होता. प्रत्येक हेडफोन सलग पाऊण तास डोक्यावर ठेवायचा, मध्ये काढायचा नाही. याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानात दहा मिनिटं ऐकून एक महागडा हेडफोन घेतला होता. आवाजावर फिदा झालो होतो. घरी आल्यावर अर्ध्या तासात टाळू दुखायला लागायची. विलंबित एकतालातली बंदिश नीट उलगडायला लागायची, तेव्हाच माझं सगळं लक्ष डोक्यावरच्या त्या एका बिंदूकडे जायचं. दोन महिन्यांत तोटा सोसून विकला.

ऐकायला चार गोष्टी घेतल्या होत्या. मित्राने नौपाड्यातल्या घरी दोन तानपुरे जुळवून केलेलं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग (पट्टी काळी एक), एका खाजगी मैफलीतला पाऊण तासाचा ख्याल, स्वतंत्र तबलावादन आणि ७८च्या तबकडीवरून उतरवलेलं तीन मिनिटांचं गाणं.

सुंदरा मला पाठ आहे, म्हणून तो मोजपट्टी. वजन ३७२ ग्रॅम. गळा स्वच्छ, तानपुरा जरा कोरडा. डोक्यावर पट्टा असल्याने भार पसरतो, पण कप आडवे फिरत नाहीत, त्यामुळे माझ्या जबड्यापाशी खाली थोडी फट राहते.

एडिशन एक्सएस पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना आवडला. कप मोठे, अंडाकृती. कान आत मोकळा बसतो, कुठे टेकत नाही. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक समोर, मागे दोन बाजूंना तानपुरे आणि तबला थोडा उजवीकडे, ही मांडणी इतकी मोकळी मी सुंदरावर कधी ऐकली नव्हती. पण याला डोक्यावरचा वेगळा पट्टा नाही, गादी थेट टाळूवर येते. ४०५ ग्रॅम काही फार नाहीत, तरी पस्तीसाव्या मिनिटाला मला ती जुनी ओळखीची जागा जाणवलीच.

आर्या स्टेल्थचं वजन जवळजवळ तेवढंच, ४०४ ग्रॅम. पण याला रुंद पट्टा आहे आणि कप आडवेही फिरतात. एवढ्या एका फरकाने सगळं बदललं. पाऊण तास झाला तरी मला काढावासा वाटला नाही. आवाजात एडिशन एक्सएसपेक्षा बारीक काम जास्त दिसतं. तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझण) जिथे उघडते, तिथे प्रत्येक तारेचा स्वतःचा रंग वेगळा ऐकू आला. मात्र वरच्या पट्टीत तो उजळ आहे. तबकडीच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसली.

एलसीडी-एक्सबद्दल सावकाश लिहितो, कारण आवाजाने मला सगळ्यात जास्त हलवलं ते यानेच. डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या, खर्जाच्या वाद्यावर) तळवा घासून काढलेली मींड (सरकता स्वर) पोटात जाणवली. नुसता जोर नव्हता, आकार होता. मींड कुठून निघाली, कुठे वळली आणि कुठे विरली ते दिसत होतं. तबकडीचं गाणंही यावर सगळ्यात सुखाचं, खरखर मागे राहिली. पण गायकाचा आवाज किंचित मागे सरकल्यासारखा, पडद्याआडून आल्यासारखा वाटला. आणि वजन ६१२ ग्रॅम. पंचवीस मिनिटं काही कळलं नाही, पट्टा चांगला आहे. त्यानंतर टाळू नाही, मान बोलायला लागली. मी नकळत पाठ टेकून डोकं मागे सोडून बसलो होतो, हे नेरुळकरांनी दाखवून दिलं.

एम्पिरियन माझ्या बजेटबाहेरचा, पण आरामात तो सगळ्यांच्या पुढे. ४३० ग्रॅम असूनही चामड्याचा पट्टा इतका रुंद आहे की भार नेमका कुठे आहे ते सापडत नाही. पॅड चुंबकाने चिकटतात, ओढले की हातात. आवाज गोड, भरीव, थोडा मऊ. तानपुरा ऐकताना डोळे मिटले. द्रुत तबल्यात मात्र बोल एकमेकांत किंचित मिसळले असं मला वाटलं.

ई३ बंद कपांचा. त्यावर नंतर लिहितो, कारण तो ऐकताना घराचा प्रश्न निघाला.

आता मला छळणारी गोष्ट. दुपारी जेवल्यावर मी चष्मा काढून आर्या परत ऐकला आणि तानपुऱ्याची खर्जाची (सगळ्यात खालच्या स्वराची) तार एकदम भरली. चष्मा घातला की पातळ, काढला की भरीव. तीनदा करून पाहिलं. सकाळपासून मी सहाही हेडफोन चष्म्यासकट ऐकले होते. म्हणजे माझी सगळी मतं अर्धवट का?

---

नेरुळकर (नेरुळ)

उत्तम वृत्तांत. पुढच्या वेळी सकाळी आठला सुरू करू.

तुमची मतं अर्धवट नाहीत, ती तुमची आहेत. तुम्ही ऐकणार चष्मा घालूनच. चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे फट पडते. पडद्यासमोर कोंडलेल्या हवेचा दाब त्या फटीतून निसटतो आणि सगळ्यात आधी जातो तो खालचा बास. जाड प्लास्टिकच्या काडीने जास्त, बारीक धातूच्या काडीने कमी. केस दाट असले तरी हेच होतं. दुकानात चष्मा काढून ऐकणारे घरी आल्यावर "बास कमी झाला" म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असणार.

---

पेटीतबला (कळवा)

मी तबला शिकवतो, त्यामुळे एक दुरुस्ती सुचवतो. राग नसावा.

खर्जाच्या तारेवरून बास तपासू नका. काळी एकच्या तानपुऱ्यात जोडाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९च्या आसपास. पण तानपुऱ्यात मूळ स्वराची ताकद फार नसते. घोडीवरच्या दोऱ्यामुळे वरची आंदोलनं इतकी फुलतात की आपला कान त्यांवरूनच खर्ज जुळवतो. मूळ ६९ हर्ट्झ गाळून टाकले तरी तुम्हाला खर्ज ऐकू येईलच. तुम्हाला जे 'भरलं' असं वाटलं, ते तानपुऱ्याच्या भोपळ्याची आणि खोलीची घुमक असावी.

डग्ग्याचं तसं नाही. खुल्या थापेत खालचा स्वर खराखुरा, जोरकस असतो आणि मनगटाच्या दाबाने तो सरकतो. तो सरकताना कुठे क्षीण झाला की समजावं, हेडफोन किंवा पॅडची बसण चुकते आहे. म्हणून एलसीडी-एक्सवर तुम्हाला मींडेचा 'आकार' दिसला, ते निरीक्षण मला अगदी खरं वाटतं.

उजव्या तबल्याबद्दल थोडं. शाईमुळे तबल्याची आंदोलनं तंतुवाद्यासारखी स्वरात जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिलं होतं. म्हणून 'ना' आणि 'तिन' मधला फरक हा नुसता टिचकीचा नसतो, स्वराचा असतो. प्लेनरवर हा फरक मला साध्या हेडफोनपेक्षा नेहमी स्पष्ट ऐकू येतो. का, ते जाणकारांनी सांगावं.

---

ओहम (कोपरखैरणे)

प्रयत्न करतो.

साध्या डायनॅमिक हेडफोनमध्ये शंकूसारखा पडदा असतो आणि त्याला मागे तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. ढकललं जातं ते वेटोळं, पडदा त्याच्या मागून जातो. प्लेनरमध्ये पडदा सपाट, अतिशय पातळ, आणि विजेची वाट त्या पडद्यावरच छापलेली. समोर किंवा दोन्ही बाजूंना चुंबकांच्या पट्ट्या. त्यामुळे पडद्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग एकदम हलतो. खालच्या स्वरात विकृती (डिस्टॉर्शन) कमी राहते आणि बास २०-३० हर्ट्झपर्यंत सपाट जाऊ शकतो, अर्थात पॅड नीट बसले तर.

दुसरा फायदा अ‍ॅम्पच्या (हेडफोनला ताकद देणाऱ्या यंत्राच्या) बाजूचा. प्लेनरचा रोध (इम्पीडन्स) सगळ्या पट्टीत जवळजवळ एकसारखा असतो. ३०० ओहमच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये खालच्या अनुनादापाशी तो ५००पर्यंत चढू शकतो, आणि मग अ‍ॅम्प बदलला की आवाजाचं स्वरूपही (कुठली पट्टी किती जोरात, ते) थोडं बदलतं. प्लेनरमध्ये ही भानगड नाही. "या अ‍ॅम्पवर माझ्या प्लेनरचा बास उबदार होतो" असं कुणी म्हटलं की मी आधी दोन्हींचा आवाज समान केला होता का, असं विचारतो.

ताकद किती लागते हे मात्र हेडफोनगणिक फार बदलतं. कंपन्यांचे आकडे धरून गणित केलंय. तिहाईच्या शेवटच्या आघाताला ११० डेसिबलची शिखरं सांभाळायची असं मानू. एलसीडी-एक्स १ मिलिवॉटला १०३ डेसिबल देतो, म्हणजे त्याला ५ मिलिवॉट पुरतात. २० ओहमवर ०.३२ व्होल्ट. एडिशन एक्सएस ९२ डेसिबल, १८ ओहम: साधारण ६३ मिलिवॉट, १.१ व्होल्ट. सुंदरा ९४ डेसिबल, ३७ ओहम: ४० मिलिवॉट, १.२ व्होल्ट. आणि त्याच कंपनीचा सुसवारा ८३ डेसिबल, ६० ओहम: अर्धा वॉट, साडेपाच व्होल्ट. दर १० डेसिबलला ताकद दहापट, हे ध्यानात ठेवलं की सगळं उलगडतं.

थोडक्यात, बैठकीतल्या बहुतेक हेडफोनांना चांगला डोंगल (फोनला जोडायचा छोटा अ‍ॅम्प) पुरतो. एडिशन एक्सएसला शिखरावर साधारण ६० मिलिअँपिअर लागतात, तेवढे देणारा डोंगल बघून घ्या. सुसवारा घेणाऱ्याने मात्र अ‍ॅम्पचे पैसे आधी बाजूला काढावेत.

---

पेटीतबला

वा! आता शिकवणीत मुलांना हेच सांगतो.

---

वैदेही_ऐरोली

या विभागात बायका कमी लिहितात, म्हणून मुद्दाम लिहिते. आरामाबद्दलचं सगळं बोलणं आखूड केसांची डोकी धरून चाललं आहे.

मी आमच्या गाण्याच्या क्लासची रेकॉर्डिंगं ऐकून नोटेशन लिहिते. एका बैठकीत तीन-चार तास होतात. अंबाडा असला की हेडबँड मागे झुकवता येत नाही, पुढे कपाळाकडे घ्यावा लागतो आणि मग सगळा भार टाळूच्या पुढच्या भागावर येतो. ज्याचे कप आडवे आणि उभे दोन्हीकडे फिरतात, तो अशा वेळी कानावर नीट बसतो. ज्याचे फिरत नाहीत, त्याला मागच्या बाजूने हमखास फट राहते. म्हणजे शुद्धकल्याण यांच्या चष्म्याची गोष्ट माझ्याकडे केसांमुळे होते.

कुड्यांचंही तसंच. गोल, लहान कपात कुडी पॅडखाली दबते आणि वीस मिनिटांत पाळी लाल होते. मोठ्या अंडाकृती कपात कुडीला जागा मिळते. बहिणीकडे एडिशन एक्सएस आहे, तो मी कुड्यांसकट दोन तास घातला आहे. टाळूचं दुखणं मलाही जाणवलं. तिने हेडबँडवर मऊ सुती कापडाची दुपदरी पट्टी शिवून घेतली, तेव्हा पुष्कळ फरक पडला.

मला मानेचा त्रास आहे, त्यामुळे ६१२ ग्रॅमचा विचार मी करूच शकत नाही. एक विचारायचं आहे: आर्याचा डोक्यावरचा दाब किती? माझं डोकं लहान आहे, सैल हेडफोन वहीवर वाकलं की पुढे घसरतो.

---

शुद्धकल्याण

वैदेहीताई, फार उपयोगी लिहिलंत. आर्याचा दाब कमी आहे. ताठ बसून ऐकताना छान, पण वाकून लिहिताना घसरण्याची शक्यता आहे. पट्टा सगळ्यात खालच्या खाचेत घेऊन पाहावा लागेल. हे मी घालून सांगण्यापेक्षा तुम्हीच घालून पाहिलेलं बरं.

पेटीतबला, दुरुस्ती मान्य. काल रात्री डग्ग्याचं रेकॉर्डिंग चष्म्यासह आणि चष्म्याविना ऐकलं. तुम्ही म्हणालात तसंच, मींड खाली उतरताना चष्म्यासह मध्येच विरते.

---

सिग्नल (खारघर)

एलसीडी-एक्सवर गायक 'पडद्याआड' वाटतो त्याला कारण आहे. ३-४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो बराच खाली आहे. आपला कान स्वतः त्याच भागात आवाज वाढवतो, त्यामुळे हेडफोनमध्ये तिथे उभार नसेल तर गळा मागे जातो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या हरमनमधल्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना ऐकवून जी पसंतीची रेषा काढली, तिच्यात हा उभार स्पष्ट आहे. इक्यूमध्ये (पट्टीगणिक आवाज कमी-जास्त करायच्या सोयीत) तिथे ४-५ डेसिबल वाढवा, गायक समोर येऊन बसेल. प्लेनरची विकृती कमी असल्याने तो इक्यू छान पचवतो.

हायफायमॅनच्या मोकळ्या मांडणीतही स्वरूपाचा हात आहे. त्यांच्या बऱ्याच हेडफोनमध्ये १ ते २ किलोहर्ट्झला खळगा असतो आणि त्याने आवाज थोडा दूर गेल्यासारखा वाटतो. आधी स्वरूप समान करा, मग तुलना करा. नाहीतर आपण हेडफोन नाही, कंपनीची चव मोजत असतो.

---

शुद्धकल्याण

इक्यूचा मुद्दा पटला. नेरुळकरांनी एलसीडी-एक्स आठवडाभर वापरायला दिला आहे (माणूस मोठा आहे), त्यावर तुम्ही सांगितलंत तसं करून पाहिलं. गायक खरंच पुढे आला, शब्दही सुटे झाले. हा आवाज मला या क्षणी जगातल्या कुठल्याही हेडफोनपेक्षा प्रिय आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण इथेच माझं म्हणणं आहे. सोमवार ते शुक्रवार मी रोज रात्री वहीत नोंद ठेवली. पाच रात्रींत एकदाही मी ख्याल पूर्ण ऐकला नाही. एकदा तर सम यायच्या आत हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवला होता, ते नंतर लक्षात आलं. जो ख्याल मी पूर्ण ऐकलाच नाही, त्याचा आवाज चांगला होता असं कसं म्हणू? विलंबितात पहिली वीस मिनिटं राग फक्त उभा राहत असतो. खरा गाभा त्यानंतर येतो, आणि तेव्हा हेडफोन माझ्या डोक्यावर नव्हता. म्हणून आराम ही वेगळ्या रकान्यात टाकायची गोष्ट नाही, माझ्यासाठी तो आवाजाचाच भाग आहे.

---

सिग्नल

हे मी आकड्यांत मांडू शकत नाही, पण मान्य आहे. ऑडिझीचाच एमएम-५०० ऐकून पाहा. ४९५ ग्रॅम, गायकाचा आवाज मुळातच पुढे. मात्र दाब बराच घट्ट आहे आणि कप लहान, मोठ्या कानाच्या माणसाने घालूनच घ्यावा.

---

घंटाळी (नौपाडा, ठाणे)

वय एकाहत्तर. मंडळींना वाटतं हे तंत्रज्ञान नवीन आहे. यामाहाने १९७६ साली एचपी-१ काढला होता, मारिओ बेलिनीने त्याची घडण केली होती. त्याला ते 'ऑर्थोडायनॅमिक' म्हणत. माझ्या थोरल्या मामांनी आखातातून आणला होता. त्या काळच्या कॅसेटच्या खरखरीतूनही सारंगीचा गज त्यावर वेगळा ऐकू यायचा. हलका, आणि डोक्यावर सरकणारी पट्टी. साधेपणा होता. आजची वजनं वाचून नवल वाटतं.

एक काळजीची गोष्ट. मला तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. प्लेनरमधली चुंबकं बरीच शक्तिशाली असतात. ऐकून झालं की हेडफोन गळ्यात अडकवून ठेवायची सवय असते, तो थेट छातीवर येतो. असं चुंबक पेसमेकरपासून सहा इंच दूर ठेवा, असं मला डॉक्टरांनी सांगितलं आहे. कानावर हरकत नाही, छातीशी नको. घरात कुणी असं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि आवाज बेतात ठेवा. प्लेनर स्वच्छ वाजतो, त्यामुळे आवाज मोठा झाला हे कळतच नाही. ८५ डेसिबलला आठ तास हा नियम, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा.

---

नेरुळकर

काका, ही पेसमेकरची माहिती धाग्याच्या वर लावायला हवी. संपादकांना विनंती करतो.

---

दमटहवा (घोडबंदर रोड, ठाणे)

दोन गोष्टी, दोन्ही आपल्या हवेच्या.

पहिली पॅडची. माझ्या आधीच्या हेडफोनचे कृत्रिम चामड्याचे पॅड दोन पावसाळ्यांत सोलवटले. काळे पापुद्रे कानाला, उशीला, सगळीकडे. इथल्या मे महिन्यात अस्सल चामड्याखालीही गाल घामेजतो. पुढून कापड आणि बाहेरून चामडं असे मिश्र पॅड मला सगळ्यात सुसह्य वाटले, फक्त कापड घाम पितं, म्हणून वापरून झाल्यावर पंख्याखाली उघडे ठेवावे लागतात. जूनपासून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरायच्या. पुसायला ओलसर सुती फडकं, स्पिरिट अजिबात नाही. आणि बाजारातले स्वस्त पॅड लावताना सांभाळून: पॅडची जाडी बदलली की कानापासून पडद्याचं अंतर बदलतं आणि आवाज ओळखू येईनासा होतो. मी लावले तेव्हा ट्रेबल इतका टोचला की त्याच संध्याकाळी काढून टाकले.

दुसरी गोष्ट ओपन-बॅकची. माझी खिडकी घोडबंदर रोडवर, समोर मेट्रोचं काम. ओपन-बॅक बाहेरचं काहीच अडवत नाही. रस्ता सोडा, पाच नंबरवरचा पंखासुद्धा तानपुऱ्याची बारीक झिरमिर खाऊन टाकतो. पंखा बंद केला तर घाम, चालू ठेवला तर जवारी गेली. म्हणून मी बंद कपांकडे वळलो.

---

शुद्धकल्याण

म्हणूनच ई३ वर वेगळं लिहायचं होतं. नेरुळकरांकडे दुपारी खालच्या रस्त्यावरून वरात गेली. तेव्हा माझ्या डोक्यावर ई३ होता आणि मला ती खिडकीशी गेल्यावरच कळली. ४५५ ग्रॅम, पण डोक्यावर त्याहून हलका भासतो, घडी घालून छोट्या पेटीत बसतो. बंद कपात जो डब्यात बोलल्यासारखा गुंजारव येतो, तो मला इथे ऐकू आला नाही. पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्या-पोकळ्यांची एक जाळी बसवलेली असते, ती वरच्या पट्टीतले नको ते उभार शोषते. मांडणी आर्याइतकी मोकळी नाही, पण गायक स्थिर, ठाम. चष्म्याचा परिणाम मात्र मला यावर सगळ्यात जास्त जाणवला. आणि कप कानावर पटकन दाबला की पडद्याचा चुरचुर आवाज येतो. हेडफोन बिघडलेला नसतो, आतल्या हवेने पडदा ढकलला जातो. हळू घालायचा.

---

ओहम

पंख्याचा मुद्दा मोजून पाहिला. फोनवरच्या अ‍ॅपने, त्यामुळे ढोबळ समजा: माझ्या खोलीत पंखा बंद असताना ३४, पाच नंबरवर ५१ डेसिबल. आलापाचे हळुवार भाग यात बुडणारच. मग आपण आवाज वाढवतो आणि काकांचा ८५ चा नियम मोडतो. दोन नंबरवर ४१ आला. मी आता दोन नंबरवर ऐकतो, अंगात बनियन.

---

शुद्धकल्याण (तीन आठवड्यांनी)

मंडळी, निर्णय झाला. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, घरात लग्न होतं.

एलसीडी-एक्स परत दिला. त्यानंतर आर्या स्टेल्थ आठवडाभर ठेवला. वहीतली नोंद: सात रात्री, सहा पूर्ण ख्याल. सातव्या रात्री वीज गेली. वरच्या उजळपणाला सिग्नल यांच्या सल्ल्याने ८ किलोहर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी केले, तबकडीची गाणीही आता ऐकवतात. डग्गा एलसीडी-एक्ससारखा पोटात शिरत नाही, ते मी मान्य करतो आणि त्याची आठवण मला येत राहणार.

मग चष्मा. राम मारुती रोडवरच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेलो आणि सगळ्यात बारीक, चपटी काडी दाखवा म्हणालो. कशासाठी ते सांगितल्यावर त्याने रस घेऊन तीन टायटॅनियमच्या फ्रेम काढल्या. मी हेडफोन आणि फोन बरोबर नेला होता. तिथेच २०० ते २० हर्ट्झ उतरत जाणारा स्वर लावून पाहिला. जुन्या जाड काडीवर चाळीसच्या खाली जवळजवळ काही उरत नव्हतं. नव्या काडीवर तीसपर्यंत ऐकू आला. काडी कानाच्या थोडी वरून, पॅडच्या मऊ भागातून जाईल अशी वाकवून दिली, त्यानेही फरक पडला. चष्मा बदलायचाच होता, त्यामुळे खर्च फुकट गेला नाही.

आर्या पनवेलच्या एका सभासदाकडून वापरलेला घेतला. पॅड नवीन घालून दिले. बजेटमधले पैसे उरले, त्यातून तानपुऱ्याच्या तारा घेतल्या.

---

पेटीतबला

अभिनंदन! डग्गा ऐकायचा असेल तेव्हा कळव्याला या, समोर बसून वाजवतो.

---

वैदेही_ऐरोली

मनापासून अभिनंदन. तुमच्या वहीची कल्पना मी उचलली. बहिणीच्या एडिशन एक्सएसवर किती वेळ लिहू शकते याची नोंद ठेवते आहे. पट्टी शिवल्यानंतर एक तास पन्नास मिनिटं. आर्या वाकून लिहिताना घसरतो का, एवढं एकदा पाहायचं आहे. तुमच्याकडे यायला जमेल का?

---

शुद्धकल्याण

यायची गरज नाही. शनिवारी मी वाशीला चाललो आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने. चारच्या सुमारास ऐरोलीला उतरतो. आठवडाभर ठेवा, मी तोवर सुंदरावर ऐकेन. अंबाडा आणि कुड्या रोजच्यासारख्या असू द्या, आणि टेबलाशी वही घेऊन नेहमी जशा वाकता तशाच वाका. पट्टा सगळ्यात खालच्या खाचेत लावून आणतो.